बाई गेल्या, आता फ्लेक्स लावा

चर्चच्या मंडळीतली एखादी सेविका म्हातारी होत आली असेल, तर सन्मानाची घाई करू नका. त्याची वेळ ठरलेली असते. ती शिवडीच्या कबरस्तानात येते.

तोवर तिला 'आमच्या बाई' म्हणा. मानधनवाढीचा विषय पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाच्या, अजेंड्यावर शेवटचा ठेवा. तिथवर पोचेतो बटाटेवडे येतात.

मेगाब्लॉक असला तरी बाईंनी संडे स्कूलला वेळेवर यावं. आपलं चालतं.

भाषणासाठी शक्यतो जुनी माणसं घ्यावीत. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले, १८२६ साली नाशिककडे कॉलऱ्याने गेले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली इथेच विधवांसाठी शारदा सदन काढलं, १९२२ साली त्या गेल्या. दोघांनाही आता गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे लागत नाहीत.

जिवंत सेविका आजारी पडली, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवा. मी कळवलं होतं. गेल्या महिन्यात आमच्या बाई दवाखान्यात होत्या, रात्री सोबतीला कुणीतरी हवं, एवढंच लिहिलं. ग्रुपवर २१२ सभासद. ८६ जणांनी हात जोडले, तिघांनी बायबलची वचनं टाकली, एकाने उमलत्या गुलाबाचा व्हिडिओ. दवाखान्यात आलं कोण? कुणी नाही. ज्या बाईंनी ३१ वर्षं परळ-लालबागच्या चाळींचे जिने चढून तुमच्या आयांच्या उशाशी बसून प्रार्थना केली, त्यांना उठवून बसवायला मला मदत केली ती शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेनं. तिला आमची मंडळीही ठाऊक नाही आणि आमच्या वर्धापनदिनाचं जेवणही. पाचव्या रात्री बाई गेल्या, आणि सकाळी ग्रुप कसा जागा झाला म्हणता! दफनविधीला बसायला जागा नाही. दहा बाय आठचा फ्लेक्स, 'प्रभूमध्ये निद्रिस्त', बाईंचा फोटो पासपोर्टएवढा, खाली कमिटीचे सात हसरे चेहरे. नाव चुकलेलं. हार मात्र सहा, कारण सहा जणांना घालायचे होते.

स्मरण-उपासनेत चाळीस मिनिटं बोललेले गृहस्थ तेच, ज्यांनी बाई निवृत्त झाल्यावर महिन्याच्या आत आवारातली खोली रिकामी करून घेतली होती. त्यांनी बायबलमधलं १ तीमथ्य ५:१७ वाचलं, दुप्पट सन्मानाचं. पुढचं वचन वाचलं नाही. त्यात मजुरीचा उल्लेख आहे.

शेवटी संगमरवरी फलक जाहीर करा. मुंबईत कबरीची जागा बहुतेकांना कायमची मिळत नाही, तेव्हा फलक चर्चच्या भिंतीवर, देणगीदारांच्या नावांसह.

पुरे झालं. अहो, त्या फलकाच्या पैशात बाईंना महिनाभर रात्रीची आया ठेवता आली असती! त्या शुद्धीवर होत्या, दाराकडे बघत होत्या, तुमची नावं घेऊन विचारत होत्या. मी रोज खोटं बोलले, 'ट्रेन बंद आहेत, बाई.' लाज मला वाटली. तुम्हाला वाटायला हवी होती.

आमचे संडे स्कूलचे मास्तर अजून आहेत. नालासोपाऱ्यात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोमवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सकाळी सहाला निघायचंय. हात जोडू नका. कोण येतंय त्याचं नाव लिहा.