सांगशकचे मराठे

पावनखिंड म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आलाच पाहिजे. पण सांगशक म्हटलं तर दहातले नऊ जण विचारतील, हे कुठं आलं? मणिपुरात, उखरूलच्या बाजूला, डोंगरावरचं नागांचं गाव. मार्च १९४४, दुसरं महायुद्ध, जपानी फौज बर्मातून इंफाळ-कोहिमावर निघालेली आणि तिच्या वाटेत इंग्रजांच्या हिंदी सैन्याची ५० वी पॅराशूट ब्रिगेड, तिच्यात गुरखे होते आणि जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन, म्हणजे आपलीच पोरं.

जागा बघा कसली. खंदक खणायला घेतले तर तीनेक फुटांवर खडक, त्यामुळे धड बसलं तरी डोकं वर. काटेरी तार नाही. पाणी तर डोंगरावर नाहीच. विमानं वरून सामान टाकायची आणि पॅराशूट वाऱ्याने भरकटत जपान्यांच्या बाजूला, म्हणजे आपला दारूगोळा आणि खाणं समोरचा उचलतोय आणि हे घसा कोरडा पडून बघतायत! मेलेली खेचरं तिथंच कुजत पडलेली. असं चार दिवस, चार रात्री लढले. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, आणि ज्यांना चालताच येत नव्हतं असे जखमी मागेच ठेवावे लागले. हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला होता थोडा वेळ.

गंमत अशी की सांगशक जपानी जनरल मियाझाकीच्या वाट्याचं नव्हतंच, ते शेजारच्या डिव्हिजनचं काम. हा मधेच वळला, अडकला, माणसं गमावली आणि कोहिमाला उशिरा पोचला. तेवढ्या दिवसांत इकडे कोहिमात जी काय थोडीफार तयारी झाली ती झाली.

आता कोणीतरी म्हणणारच, "ते इंग्रजांसाठी लढले, समोर तर आझाद हिंद सेना होती." हो, त्या मोहिमेत जपान्यांसोबत आझाद हिंद सेनाही होती, मला तिच्याबद्दलही आदर आहे. पण सातारा-रत्नागिरीकडचा पगारासाठी भरती झालेला पोरगा त्या उथळ खड्ड्यात शेजारच्याला सोडून पळाला नाही, त्याचं काय करायचं? त्याला कुठल्याच बाजूने आपलं म्हणत नाही, हे मला पटत नाही.

कुणाच्या घरी ट्रंकेत आजोबा-पणजोबांचं बर्मा स्टार, म्हणजे बर्मा मोहिमेचं पदक, पडलं असेल तर फोटो टाका ना, बटालियन माहीत असेल तर तीही लिहा.