भाड्याची खोली घेतलेल्या मुलीने घर सोडलेलं नसतं

गोव्यात मुलगा बोटीवर, म्हणजे जहाजावरच्या नोकरीला, गेला की अख्खा गाव कौतुक करतो. वर्षातले कित्येक महिने तो घरी नसतो, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येईल की नाही त्याची खात्री नसते, तरी आईबाप ताठ मानेने सांगतात, आमचा बोटीवर असतो. कोणी दुबईला गेला, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेला तो कायमचाच, त्यांना पण पोरगा मार्गी लागला म्हणतात. आणि मुलगी याच गोव्यात, घरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, नोकरीच्या ठिकाणी भाड्याने राहायला गेली की पहिला प्रश्न काय, तर घरी काय भांडण झालं? दुसरा प्रश्न, मग लग्नाचं काय? गेलं वर्षभर हे दोन प्रश्न माझ्या आईला देवळात, बाजारात, हळदीकुंकवाला, मिळेल तिथे विचारले जातात आणि ती बिचारी प्रत्येकाला समजावत बसते, म्हणून आज मीच सविस्तर लिहिते.

आमचं घर गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, अगदी आत. मी दक्षिण गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका फार्मा कंपनीच्या क्यूसी (औषधांचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये आहे. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. गावातून म्हापशापर्यंत बस, ती पण भरल्याशिवाय सुटत नाही, मग म्हापशाहून कंपनीची बस, मग पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे जे ट्रॅफिक असायचं ते, मग मांडवी, मग आगशी करत झुआरी. नवीन झुआरी पूल 2022 च्या शेवटी सुरू झाल्यावर तिथला त्रास बराच कमी झाला हे खरं आहे, पण तोवर माणूस अर्धा संपलेला असतो. सेकंड शिफ्ट असली की म्हापशाला पोचायला मध्यरात्र उलटायची आणि त्या वेळी गावाकडे जायला काहीच नसतं, आपल्याकडे आठ वाजले की बसेस संपल्या. बाबा स्कूटर घेऊन स्टँडवर उभे असायचे. साठीला आलेला माणूस, पावसात रेनकोट घालून, आणि सकाळी परत पाचला उठून काजूच्या बागेत. मी किती दिवस बघू ते? लोक म्हणतात मुलगी आईबापांना टाकून गेली, आणि मी गेले त्याचं अर्धं कारण बाबांची झोप होती.

अर्धं कारण माझं स्वतःचं होतं, ते पण लपवत नाही. मला स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या हिशोबाने राहून बघायचं होतं. सव्वीस वर्षांच्या माणसाला असं वाटणं हे काही वाईट वळण नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

खोली शोधणं हा वेगळाच अध्याय. मी आणि माझी एक मैत्रीण (ती डिचोलीची, त्याच इस्टेटमध्ये दुसऱ्या कंपनीत) मडगाव, फातोर्डा, नुवें, नावेली सगळं फिरलो. फोनवर सगळे गोड बोलतात, 'फॅमिली आहे ना?' विचारतात, आणि दोन मुली म्हटलं की आवाज बदलतो. एकांनी सांगितलं आम्ही फक्त फॅमिलीला देतो. एकांनी सांगितलं जून ते सप्टेंबर राहा, ऑक्टोबरात रिकामी करा, सीझनला मला टुरिस्टला द्यायचाय. दोन-तीन दिवस येणाऱ्या पाहुण्याकडून जे भाडं मिळतं ते आमच्यासारख्याने महिन्याला कसं द्यायचं? किनाऱ्याच्या पट्ट्यात तर बघायचंच सोडून दिलं. आणि एका काकांनी तर माझ्याशी बोलायलाच नकार दिला, वडिलांना घेऊन या, त्यांच्याशी बोलतो. पगाराची स्लिप माझी, आधार माझं, सही माझी होणार, पण बोलणार वडिलांशी.

मालकांची पण एक बाजू आहे, ती मी नाकारत नाही. 1968 चा आपला भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यातून जुनी भाडेकरू कुटुंबं वर्षानुवर्षं हलली नाहीत, कोर्टात पिढ्या गेल्या, ती भीती लोकांच्या मनात अजून आहे. म्हणून अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणून पोलीस स्टेशनचा टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म, ते सगळं करायला आमची काहीच हरकत नव्हती. पण भीती घालून घालून झालंय काय, की घरं बंद आहेत. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं, देशात एवढं प्रमाण फार कुठे नव्हतं. आता कोणत्याही वाड्यावर जा, कुलूप लागलेली दोन-चार घरं दिसतातच, कोण लंडनला, कोण मुंबईला, कोणाचे वारस एकमेकांशी बोलत नाहीत. आणि नोकरी करणाऱ्या पोरी खोली शोधत उन्हातून फिरतायत. हे मला पटत नाही, आणि पटवून घ्यायची माझी तयारी पण नाही.

शेवटी फातोर्ड्याला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. दोघींत मिळून सोळा हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. खाली राहणाऱ्या आंटीने पहिल्याच दिवशी पोदेर (पाववाला) किती वाजता येतो, कचरा ओला कधी सुका कधी, टाकीचं पाणी कधी संपतं हे सगळं सांगून टाकलं.

बाबा सामान घेऊन आले होते. एक शब्द बोलले नाहीत त्या दिवशी. आधी सगळे नळ सोडून बघितले, मग खिडक्यांचे गज हलवून बघितले, मग दाराची कडी दोनदा लावली, काढली आणि खाली निघून गेले. मला वाटलं रागावले. अर्ध्या तासाने हार्डवेअरच्या दुकानातून एक जाड पितळी कडी, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि ती दाराला आतून बसवली, जुन्या कडीच्या वीतभर वर. लाकूड जुनं, सागवानी, स्क्रू आत जाईना तर खोबरेल तेलात बुडवून बुडवून फिरवले. ती कडी लावताना अजूनही जोर लावावा लागतो. ज्यांना वाटतं की आमच्या घरात भांडण झालं त्यांनी ती कडी येऊन बघावी.

आता आजीबद्दल सांगते, कारण तिला समजल्याशिवाय आमच्या घरचा विरोध समजणार नाही. विरोध होता, आणि सगळ्यात जास्त तिचाच होता. आमचं आताचं घर ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. आजी सांगते, पावसाआधी भिंत सारवायची म्हटली तरी चालायचं, पण एक खोली वाढवायची, छपराचे नळे (कौलं) बदलायचे तर भाटकाराच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं. दारातला माड पण आपला नाही. कधी निघा म्हणतील याचा नेम नाही. मग 1975 साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना मुंडकार कायदा आला, कोणाला घरातून काढता येणार नाही असं झालं, पुढे घराखालची आणि आजूबाजूची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. आमचे कागद व्हायला त्यानंतर पण मामलेदाराकडे किती वर्षं गेली ते आजोबाच जाणोत. तर अशी ती बाई, जिने दुसऱ्याच्या जमिनीवर जीव मुठीत धरून संसार केला, तिची नात हातचं स्वतःचं घर असताना पैसे देऊन दुसऱ्याच्या घरात राहायला जाते म्हटल्यावर तिच्या पोटात गोळा येणारच. ती मला म्हणाली, "गो बाय, आम्ही ह्याच्यासाठी झिजलो?" मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचं दुःख खरं आहे. फक्त मला काढून टाकायला कोणी भाटकार नाहीये, माझ्याकडे अकरा महिन्यांचा कागद आहे आणि मला नको वाटेल तेव्हा मी स्वतः निघू शकते, हा फरक तिला हळूहळू कळतोय असं वाटतं.

आणि मुलींचं म्हणाल तर गोव्याला आपण कायद्याच्या बाबतीत पुढारलेलं म्हणतो, ते खरंच आहे. पोर्तुगीजांचा 1867 चा सिव्हिल कोड, त्यातून मुलाला आणि मुलीला सारखा वाटा. बापाला वाटलं तरी तो अर्धी मालमत्ता मुलांच्या बाहेर मृत्युपत्राने देऊ शकत नाही. नवीन वारसा कायदा 2012 चा, त्यात पण तेच तत्त्व. म्हणजे महाराष्ट्रातल्या माझ्या मावसबहिणींना जे फार उशिरा मिळालं ते माझ्या आजीच्या आईला पण कागदावर होतं. पण प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे. जागा विकायची वेळ आली की बहिणीला फोन, सही पाहिजे, तिच्या नवऱ्याची पण पाहिजे. तोपर्यंत तिला कोणी विचारत नाही की तुला त्या घरात एक खोली हवी का, एखाद्या मे महिन्यात येऊन राहतेस का. बापाच्या घरातून नवऱ्याच्या घरात, मधे तिचं स्वतःचं असं एक कुलूप नाही, एक किल्ली नाही. वाटा आहे आणि जागा नाही, अशी आमच्या आयांची सगळी पिढी गेली.

आई मागच्या पावसात डोळे तपासायला मडगावला आली होती, दोन दिवस माझ्याकडे राहिली. मला शिफ्ट होती, मी जेवण करून ठेवून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर भांडी तशीच, आई खिडकीजवळ चटईवर झोपलेली. गाढ. दुपारी झोपलेली आई मी तापाशिवाय कधी बघितली नव्हती. उठली आणि म्हणाली, कोणाला चहा करायचा नव्हता म्हणून पडले तर डोळाच लागला. मग रात्री आम्ही तिघी पाव आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन गप्पा मारत बसलो आणि आईने तिच्या शिवणक्लासबद्दल सांगितलं, जो तिला म्हापशाला राहून करायचा होता आणि राहायला कोणी दिलं नाही. मला हे माहितीच नव्हतं, एवढी वर्षं एका घरात राहून. जाताना दुसरी किल्ली मागून घेऊन गेली. आता देवळात कोणी विचारलं की सांगते, आमची मडगावला पण एक जागा आहे. भाड्याची आहे हे सांगत नाही, पण चालेल 🙂

एकटं राहणं सोपं आहे असं मी कोणालाही सांगणार नाही. नवीन गॅस कनेक्शनला पत्त्याचा पुरावा लागतो आणि विजेचं बिल मालकाच्या नावावर, शेवटी पाच किलोचा छोटा सिलिंडर आणला, तो ओळखपत्रावर मिळतो. जुलैत कपाटातल्या कपड्यांना, चपलांना, अगदी लाकडी पोळपाटाला पण बुरशी आली. उकडे तांदूळ शिजायला किती गॅस जातो हे पैसे भरल्यावर कळलं. आजारी पडल्यावर घर आठवतं. पगारातला मोठा भाग भाड्यात जातो, लोक म्हणतात पाण्यात गेला, पण येण्याजाण्यात जाणारे चार तास मला परत मिळाले, त्यात मी एमएस्सीचा अभ्यास करते, तो कुठे पाण्यात गेला? आणि घरी मी जवळजवळ दर आठवड्याला जाते, पॅसेंजर मिळाली तर पेडण्यापर्यंत ट्रेनने. पूर्वी रोज घरी असायचे पण आईशी बोलायला वेळ नसायचा. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या रानफळांच्या सजावटीचं) सामान आणायला बाबांबरोबर रानात मीच जाते, या वर्षी पण जाणार. घर सोडणं याला म्हणत असतील तर म्हणोत.

एक गोष्ट मला खूप दिवस बोलायची आहे. आपल्या गोव्यातल्या गावांनी शंभर वर्षांहून आधी मुंबईला कुड, म्हणजे गावकऱ्यांसाठी राहायच्या जागा, काढले होते, धोबीतलावच्या बाजूला, गावागावाचा वेगळा. गावचा माणूस बोटीवर चढायला किंवा नोकरी शोधायला मुंबईला गेला की त्याला नाममात्र पैशात खाट, पेटी ठेवायला जागा, आपली माणसं. म्हणजे घराबाहेर पडणाऱ्याची सोय गावाने करायची असते ही अक्कल आपल्या लोकांना तेव्हा होती. फक्त ती पुरुषांसाठी होती. आज वेर्णा, कुंडई, तुयें, सगळ्या इस्टेटींमध्ये मुली शिफ्टमध्ये काम करतायत, कंपन्या बसेस देतात, मग इस्टेटजवळ साध्या, सुरक्षित, परवडतील अशा खोल्या का नाही? हाउसिंग बोर्डाने विकायचे प्लॉट आणि फ्लॅट केले तसे भाड्याने द्यायचे छोटे फ्लॅट करावेत. पंचायतींनी, कोमुनिदादींनी (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांनी) विचार करावा. आणि ज्यांची घरं बंद पडून वाळवी लागतेय त्यांनी तर नक्कीच करावा, नोकरी करणाऱ्या दोन मुली तुमच्या घराची काळजी सीझनच्या पाहुण्यापेक्षा जास्त घेतील.

आणि आईबापांना सांगायचं ते एवढंच, मुलगी विचारत असेल तर पाठवा. जागा स्वतः जाऊन बघा, कडी बसवून द्या, एक किल्ली तुमच्याकडे ठेवा, पण पाठवा. लग्न ठरलं की पाठवणारच आहात ना, अनोळखी घरात, तिथले नळ पण न तपासता.

ही पोस्ट लिहायचं ताबडतोबीचं कारण, आमच्या लॅबमध्ये काणकोणची एक मुलगी नवीन लागली आहे, सध्या रोज येऊन-जाऊन करते, तिला आणि तिच्या मैत्रिणीला नुवें, वेर्णा किंवा फातोर्डा भागात एक रूम-किचन हवं आहे, बजेट बारा हजारापर्यंत, पूर्ण वर्षासाठी, ऑक्टोबरात रिकामं करायला लावणारं नको. दोघींचेही कागद तयार आहेत. कोणाच्या बघण्यात असेल तर मला मेसेज करा, बोलणी त्या स्वतःच करतील.