छोटीशी उंची

पणजीतल्या आमच्या टेकडीला पोर्तुगीजांनी 'आल्तिन्यो' म्हटलं. म्हणजे छोटीशी उंची. नाव ठेवणारा बहुधा मेण्यात बसून वर गेला असावा.

माझ्या सायकलला पुढे 52 आणि 39 दात्यांच्या चकत्या, मागे 11 ते 25. "शर्यतीची आहे," दुकानदार म्हणाला. कोणाशी, ते मी विचारलं नाही. पायथ्याच्या मळा भागाकडून चढताना मारुतीच्या देवळापाशी पाय साफ नकार द्यायचे. मग सायकल भिंतीला टेकवून, डोळे मिटून, धापा टाकत उभा राहायचो. महिन्याभरात मी भाविक म्हणून प्रसिद्ध झालो. शेजारच्या काकू दर शनिवारी तेलाची बाटली देऊ लागल्या. "तुम्ही थांबताच ना तिथे!" चढणीला ओझं आणखी वाढलं.

शेवटी मेकॅनिक गाठला. "पात्रांव, फुडें ल्हान, फाटीं व्हड!" पुढच्याला कमी, मागच्याला जास्त. कुठल्याही पंगतीच्या बरोबर उलट, म्हणून इतके दिवस डोक्यात शिरलं नव्हतं. 39 ला 25 ने भागा: पायडलच्या एका फेरीत चाक दीडपटीहून जास्त फिरतं. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. म्हणजे मी दर फेरीला स्वतःला, सायकलला आणि काकूंच्या तेलाला सव्वातीन मीटर वर ढकलत होतो. पुढे 34, मागे 34 केलं, तर फक्त 2.1.

हिशेब सोपा होता, सायकल नव्हती. मागे 34 ची चकती बसवली, तर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर तिला घासायला लागला. लांब दांडीचा डिरेलर आणला, तर चेन आखूड पडली. पुढच्या जुन्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांडीवर, 38 पेक्षा लहान चकती बसतच नाही, म्हणून तोही बदलला. बिल बघून बायको एवढंच म्हणाली, "माझ्या आईची अख्खी कवळी याहून स्वस्तात झाली."

पहिल्याच संध्याकाळी मारुती आला आणि मी उतरलो नाही! पाय भिंगरीसारखे फिरत होते, सायकल मात्र वरातीच्या चालीने चालली होती. फिरायला निघालेले शेजारचे काका मागून आले.

"काय हो, आज दर्शन नाही?"

उत्तरापुरता श्वास जमेपर्यंत काका पुढच्या वळणावर दिसेनासे झाले होते.