गुरुजी, तुमच्या लेकीच्या नकाराबद्दल

गुरुजी, नमस्कार.

ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर एमटीपीची, म्हणजे गर्भपाताची केस लागली की आमच्या इंटर्न मुलामुलींना नेमकी तेव्हाच वॉर्डातली कामं आठवतात, आणि ही पळवाट आम्ही शिकवणाऱ्यांनीच त्यांना करून दिली आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही बार्शीकडचे निवृत्त शिक्षक, लेक एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला. तुम्ही लिहिलंत की जीव वाचवायला शिकलेल्या पोरांना जीव घ्यायला लावू नका. मुलगी नको म्हणून पोटं पाडणाऱ्या राज्यात हे शिकवणं म्हणजे आगीत तेल. संतांच्या भूमीत हे शोभत नाही. आणि शेवटी विचारलंत, ‘माझी मुलगी नाही म्हणाली तर तिला नापास करणार का?’ तुमचा राग मनापासूनचा आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आधी मुलींचा विषय. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 साली 913 होत्या, 2011 साली 894. हा आकडा मलाही टोचतो. पण नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनी जो गर्भपात होतो, तेव्हा पोटात मुलगा आहे की मुलगी, हे सोनोग्राफीत दिसतच नाही. बारा-तेरा आठवड्यांच्या आधी ते भरवशाने कळत नाही. गुन्हा आहे तो लिंग सांगण्याचा, त्यासाठी 1994 चा वेगळा कायदा आहे. गर्भपाताचा कायदा 1971 चा. आमची मुलं या दोन्हींची सरमिसळ करतात. तोंडी परीक्षेत ‘एमटीपी कायदा सांग’ म्हटलं की सोनोग्राफी मशीनच्या नोंदणीपासून, म्हणजे त्या दुसऱ्याच कायद्यापासून, सुरुवात होते. मग प्रॅक्टिसमध्ये पडल्यावर दिवस गेलेली कुठलीही बाई समोर आली की त्यांना पोलीस दिसतो. आणि गुरुजी, 2017 साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचं जे प्रकरण उघडकीला आलं, तिथे एक बाई मेली. तो दवाखाना होमिओपॅथीच्या डॉक्टरचा होता. शिकलेले हात मागे सरले की बाया अशाच दारात जातात.

आता जीव वाचवण्याबद्दल. इथे मला माझं सांगावं लागेल.

मी इंटर्न होते. विडी वळणारी एक बाई आली, मराठी मोडकं, घरी तेलुगू. तीन लेकरं, पाळी चुकून सात आठवडे झालेले. लुगड्याला तंबाखूचा वास. पदराच्या गाठीत घडी घातलेला केसपेपर होता, तो तिने दोन्ही हातांनी पुढे धरला. वरिष्ठांनी मान वर न करता सांगितलं, ‘नवऱ्याची सही घेऊन ये म्हणावं.’ मी फॉर्म तिच्या हातात दिला आणि कुठे सही हवी तिथे पेनाने फुली मारून दिली. ती एवढंच म्हणाली, ‘तो देत नाही ओ मॅडम.’ मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

अकराव्या दिवशी ती परत आली, स्ट्रेचरवर. गर्भ पाडायला कुणीतरी काडी घातली होती. अंगात ताप फणफणत होता, पोट लाकडासारखं कडक. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली. तिने मला ओळखलं. बोलली काहीच नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

त्या फुलीची कायद्याला गरज नव्हती. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, हे पहिल्यापासून त्या कायद्यात आहे. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कुठेही लागत नाही. मला ते माहीत नव्हतं, कारण कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी मला वाटत होतं की मी या पापात हात घातला नाही. तुमची लेक आज जिथे उभी आहे, तिथेच मी उभी होते, म्हणून मला तिच्याबद्दल राग नाही, काळजी आहे.

परदेशातलंही एक उदाहरण देते, पण ती लेक आपल्या बाजूचीच. सविता हलप्पनवार, माहेर बेळगावचं, स्वतः दातांची डॉक्टर. 2012 साली आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. त्या देशाने 2018 साली जनमत घेऊन गर्भपातबंदीचं कलम घटनेतून काढलं. आपल्याकडे आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट आड येत नाही, अशी तरतूद 1971 पासून आहे. पण ती वापरणारे हात तयार हवेत ना?

संतांच्या भूमीबद्दल एवढंच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. पोटुशा विधवा तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हायच्या, लेकरं टाकली जायची, म्हणून 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तिथे अनाथ बालकाश्रम काढला. त्याआधी 1863 साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. त्यांनी त्या बाईला आधी दार उघडलं, जाब विचारत बसले नाहीत. मी माझी परंपरा तिथून धरते.

तुमच्या लेकीच्या ‘नाही’मागचा सद्सद्विवेकबुद्धीचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. त्यावर मी दोन रात्री विचार केला. आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. त्यात म्हटलं आहे की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने गर्भपाताला नकार देऊ नये. अपवाद एकच, त्याला ते काम येत नसेल तर. हा अपवाद योग्यच आहे, न येणाऱ्याने हात घालूच नये. पण आम्ही काय केलं? वर्षानुवर्षं पोरांना ते दाखवलंच नाही. म्हणजे ‘मला येत नाही’ ही सबब आम्हीच छापून वाटली. ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याच्या ‘नाही’ला मी विवेक कसं म्हणू? बहुतेकांच्या तोंडून मी जे ऐकते ते असं असतं: मॅडम, लफडं नको. मॅडम, घरी कळलं तर? मॅडम, लग्न न झालेली आहे, तिची कशाला करायची?

या शेवटच्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी उत्तर दिलं आहे: ठरावीक बायांना वीस ते चोवीस आठवड्यांत गर्भपाताची जी सवलत आहे, तिच्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. मुलांना हे मी सांगते तेव्हा वर्गात कुजबूज होते.

म्हणून मी आता पपयांवर शिकवते, गर्भपिशवीच्या जागी पपई. पिकायला लागलेल्या, मुठीएवढ्या लहान पपया लक्ष्मी मंडईतून आणते. देठाकडून नळी आत सरकवायची, सिरिंजची निर्वात पोकळी सोडायची, की काळ्या बिया आवाज न करता सिरिंजमध्ये येतात. पपई शाबूत राहते. हीच एमव्हीए, म्हणजे हातातल्या सिरिंजने गर्भपिशवी रिकामी करायची पद्धत. जुन्या खरवडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. अर्धवट पडलेल्या गर्भालाही हेच लागतं, म्हणजे जिला मूल हवं होतं आणि राहिलं नाही, तिलासुद्धा. मागच्या खेपेला दाराशी उभी राहिलेली एक मुलगी शेवटी आत आली आणि म्हणाली, ‘मला वाटलं होतं आत चाकू असतो.’ ती उद्या हे काम करेल की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलंही नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊन, चुकीच्या आठवड्याला खाऊन, रक्तस्राव होत आलेली बाई तुमच्या लेकीला रात्रपाळीत भेटणारच आहे. तिथे नकाराचा प्रश्नच नसतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नापास करणार नाही. तो अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. नुसत्या एमबीबीएसवर कुणी गर्भपात करू शकतही नाही. बारा आठवड्यांपर्यंतच्या केससाठी पंचवीस केसमध्ये मदत, त्यातल्या किमान पाच स्वतः केलेल्या, एवढं प्रशिक्षण लागतं, आणि ते घ्यायचं की नाही हे तिने ठरवायचं. पण माझ्यापुढे बसली तर मी तिला तीन गोष्टी विचारीन. सही कुणाची लागते? किती आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं? आणि तू करणार नसशील, तर ही समोरची बाई आज, अंधार पडायच्या आत, कुठे जाईल? तिथला पत्ता सांग, आणि तिथे कुणाला भेटायचं तेही सांग.