हजारपट वेग, पण कशाच्या तुलनेत?

"एफपीजीए चिप बसवली की डीएनएची तुलना हजारपट वेगाने होते, कारण हार्डवेअर सॉफ्टवेअरपेक्षा वेगवानच असतं. थोडी अचूकता जाते, पण साध्या प्रोसेसरचे दिवस संपले." हा दावा सगळीकडे फिरतोय. एफपीजीए म्हणजे आतली जुळणी हवी तशी बदलता येणारी चिप. मला ती मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही.

आधी कारण बघू. एफपीजीएचं क्लॉक उलट संथ असतं: अशा कामात साधारण 200-300 मेगाहर्ट्झ, तर प्रोसेसरचं 3 गिगाहर्ट्झच्या घरात. वेग येतो तो मांडणीतून. 1981 च्या स्मिथ-वॉटरमन पद्धतीत डीएनएच्या अक्षरांचा एक क्रम आडवा, दुसरा उभा लिहून, ते किती जुळतात याच्या गुणांचा तक्ता भरतात. प्रत्येक घराला शेजारी लागतात तीनच. समजा तिरक्या घरात 5, वर 4, डावीकडे 3 आहेत. अक्षरं जुळली तर तिरक्या आकड्यात 2 मिळवायचे, जागा सोडली तर वरच्या किंवा डावीकडच्या आकड्यातून 2 वजा करायचे. हाती येतात 7, 2 आणि 1. घरात जातो सगळ्यात मोठा, 7. एका तिरक्या रेषेतली घरं एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे ती सगळी एकदम भरता येतात. 100 अक्षरांचा तुकडा 1,00,000 अक्षरांशी ताडायचा तर घरं होतात 1 कोटी. पण चिपवर 100 छोटे गणक ओळीने बसवले, तर क्लॉकच्या 1,00,099 ठोक्यांत तक्ता पुरा; 200 मेगाहर्ट्झला जेमतेम अर्धा मिलिसेकंद. अमेरिकेतल्या स्प्लॅश यंत्राने 1990 च्या आसपास हेच करून दाखवलं होतं.

अचूकता जाते, हे तर साफ चूक. शॉर्टकट घेतं ते 1990 चं ब्लास्ट हे जुळणारे क्रम शोधण्याचं साधन, आणि तेही सॉफ्टवेअरच आहे. चिप पूर्ण तक्ता भरते, म्हणून गुण तेच येतात.

आता हजारपट. हा आकडा बहुतेकदा एका कोअरवरच्या साध्यासुध्या कोडशी तुलना करून काढलेला असतो. आजचा प्रोसेसर एकाच सूचनेत 8 बिटांची 32 घरं हाताळतो, शिवाय कोअर अनेक. त्याच्याशी तुलना केली की फरक बराच आटतो.

शिवाय तक्ता भरणं हे काही सगळं काम नव्हे. एकूण वेळातला 60 टक्के वेळ त्यात जात असेल, तर तो भाग शून्यावर आणूनही काम अडीचपटच लवकर उरकेल. बाकीचा वेळ फाइल वाचण्यात, तुकड्यांची जागा शोधण्यात आणि सॉर्टिंगमध्ये जातो. डीएनए वाचणारी यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिनाने 2018 मध्ये विकत घेतलेल्या एडिको जीनोम कंपनीच्या ड्रॅगन या एफपीजीएवरच्या प्रणालीचं बळ इथेच आहे: त्यांनी मॅपिंगपासून (म्हणजे तुकड्यांची जागा शोधण्यापासून) व्हेरियंट, म्हणजे डीएनएतले फरक, शोधण्यापर्यंतची सगळी साखळी वेगवान करायला घेतली.