वाफवलेलं अन्न बेचव लागत नाही, बेचव केलं जातं

“स्टीमर घेऊ नका” असं सांगणारा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: वाफवलेलं अन्न आजाऱ्याच्या जेवणासारखं बेचव लागतं, शिजायला दुप्पट वेळ लागतो, जीवनसत्त्वं वाफेबरोबर उडून जातात आणि चार दिवसांत ते भांडं माळ्यावर पडतं. मी जवळपास रोज काही ना काही वाफेवर शिजवते. हा मजकूर वाचून कुणी इतकी सोयीची पद्धत सोडून देऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी जीवनसत्त्वांचं बघू, कारण तिथे तर सगळंच उलटं सांगितलंय. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) हवेत उडत नाहीत, पाण्यात विरघळतात. फरसबी भरपूर पाण्यात उकळून बघा, पाणी हिरवट-पिवळं होतं. भाजीतलं बरंच काही त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. वाफेत भाजी पाण्यात बुडतच नाही, त्यामुळे ही गळती फार कमी होते. उष्णतेनं थोडं नुकसान वाफेतही होतं, पण ते कुठल्याही शिजवण्यात होतंच. उकडलेल्या भाजीचं पाणी तुम्ही सूपमध्ये वापरत असाल तर मात्र तुमचंही फारसं काही वाया जात नाही.

दुप्पट वेळ लागतो, हे कुठून आलं असेल ते मला कळतं. अख्खे बटाटे ठेवायचे, चाळणी काठोकाठ भरायची आणि दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघायचं, असं केलं तर वेळ लागणारच. एरवी वाफ कमजोर नसते. एक ग्रॅम पाणी ० वरून १०० अंश सेल्सिअसवर न्यायला साधारण १०० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ती वाफ गार फोडीला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि ही सगळी उष्णता त्या फोडीला मिळते. (वाफेचा चटका एवढा जबर बसतो तोही याचमुळे. झाकण उघडताना ते आपल्याकडे नाही, पलीकडच्या बाजूला कलतं करा.) शिवाय तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं, ते पातेलंभर पाण्याच्या कितीतरी आधी उकळतं.

माझ्या हातचे अंदाज असे: पालक २ ते ३ मिनिटं, फ्लॉवरचे तुरे ६ ते ८, गाजराच्या चकत्या ७ ते १०, बटाट्याच्या बेताच्या फोडी १२ ते १५, माशाचा बोटभर जाड तुकडा ८ ते १०. पाणी खळखळायला लागल्यावर चाळणी ठेवायची आणि मिनिटं तिथून मोजायची. फोडींमध्ये वाफ खेळायला जागा हवी. एकावर एक रचल्या की खालच्या गळून जातात आणि वरच्या कच्च्या राहतात.

आता चव. या तक्रारीत थोडं तथ्य आहे. वाफेचं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, आणि भाजल्यावर येणारा तपकिरी रंग आणि खमंगपणा नीट यायला साधारण १४० अंश लागतात. तो वाफेवर कधीच येणार नाही. पण त्यासाठी पदार्थ बेचव असायचं कारण नाही. मीठ-मसाला आधी घातला तर वाफेच्या पाण्याबरोबर बराचसा खाली गळतो, म्हणून तो नंतर घालायचा. फ्लॉवर सुरीला किंचित अडतोय तेवढ्यात उतरवा, गरम असतानाच त्यावर मीठ, मिरपूड, लिंबू आणि तेलात परतलेला लसूण घाला. तुऱ्याच्या बारीक कळ्यांमध्ये ते तेल अडकून बसतं आणि प्रत्येक घासाला लागतं. खमंगपणा हवाच असेल तर वाफवलेल्या बटाट्याच्या फोडी कोरड्या करून कडक तापलेल्या तव्यावर टाका. आतून शिजलेल्याच असतात, फक्त बाहेरून लाल करायच्या. बेचव, लिबलिबीत भाजी ही बहुतेक वेळा दहा मिनिटं जास्त ठेवलेली भाजी असते.

भांडं माळ्यावर जातं, कारण पहिल्याच दिवशी तीन मजली यंत्र आणलं जातं. त्याची गरज नाही. पातेलं, त्यात बसणारी भोकांची चाळणी आणि घट्ट झाकण एवढ्यावर होतं. एकाच वाफेवर भाजी आणि अंडी होतात, कालचा भातही मोकळा आणि मऊ गरम होतो. दोन थर असतील तर मासा खाली ठेवा, म्हणजे त्याचं पाणी भाजीवर ठिबकत नाही.

वाळलेली कडधान्यं मात्र स्टीमरमध्ये टाकू नका. त्यांना शिजायला स्वतःभोवती पाणी लागतं. राजमा तर आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळायलाच हवा, नाहीतर त्यातल्या विषारी घटकानं पोट बिघडतं.

आणि पाणी आटून पातेलं करपण्याची भीती वाटत असेल, तर तळाच्या पाण्यात एक स्वच्छ धुतलेलं नाणं टाका. पाणी उकळतंय तोवर ते खडखडत राहतं. आवाज थांबला की गरम पाणी ओता.