जुन्या गाडीच्या गळ्यात जुनेच टायर

गाडी जुनी दिसली की टायरवाल्याचा सूरच बदलतो. "एवढ्या गाडीला काय करायचेत भारी टायर?" असं म्हणून मागच्या रॅकवर पडून राहिलेला संच पुढे ओढतो. का? जुनी गाडी पावसात वेगळ्या रस्त्यावरून धावते का? तिच्यात जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, घसरताना सावरणारी कुठलीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. जे काही सांभाळायचं ते त्या चार टायरांनीच सांभाळायचं. उलट तिलाच ताजा, चांगल्या पकडीचा टायर हवा आणि नेमकं तिलाच शिळं रबर मिळतं.

त्यामागचं कारण सरळ आहे. तेरा इंची रिमच्या नव्या गाड्या आता फारशा येत नाहीत. कंपन्यांचं सगळं लक्ष मोठ्या रिमवर. त्यामुळे 175/70 आर13 (रुंदी 175 मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 13 इंची) सारख्या साइजमध्ये निवड मोजक्या मॉडेलांवर येते, माल हळू खपतो आणि गोदामात पडून राहतो. पडून राहिलेला माल कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच असतो, तर तो जुन्या गाडीवाल्याच्या मारतात. त्याला दुसरीकडे मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग आपण विचारतो, "टायर किती चालेल?" आणि प्रत्येक जण किलोमीटर सांगतो. चाळीस हजार, पन्नास हजार, तोंडाला येईल ते. अहो, माझी गाडी वर्षाला चालते किती, हे आधी विचारा ना! जुन्या गाडीचं रनिंग बहुतेकदा कमी असतं. तिचा टायर झिजून नाही, वयाने जातो. नक्षी शाबूत, खाचा खोल आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगांचं जाळं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता रबराला आतून-बाहेरून कडक करत जातात. रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात, पण टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीला तो फायदा मिळत नाही. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, मग खाच कितीही खोल असो. अशा गाडीवाल्याला पन्नास हजार किलोमीटरचं आश्वासन देणं म्हणजे निव्वळ फसवणूक. त्याच्या कामाचा आकडा एकच, टायर कधी बनला तो.

आणि तोच आकडा लपवला जातो! टायरच्या साइडवॉलवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. 2000 सालाच्या आधी तीनच आकडे असायचे, दशकसुद्धा कळायचं नाही. ते तरी सुधारलं. पण ही पूर्ण ओळ बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते. ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेली की गाडीखाली वाकून बॅटरी मारल्याशिवाय तारीख दिसत नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख ठळक छापतात आणि ज्याच्या भरवशावर अख्खं कुटुंब महामार्गावरून जातं, त्या वस्तूची तारीख सांकेतिक आकड्यांत, तीही चाकाच्या आतल्या बाजूला. संताप येईल नाही तर काय!

विचारलं की उत्तर तयार असतं, "गोदामात नीट ठेवलेला टायर खराब होत नाही, साहेब." थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवलेला टायर हळू म्हातारा होतो, हे खरं आहे. पण तो तसाच ठेवला होता याचा पुरावा कुठाय? पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने तापत पडला होता की नाही, हे मला कोण सांगणार? अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी बदल, असं सांगतात. ही दहा वर्षं कारखान्यातून निघाल्यापासूनची, माझ्या बिलाच्या तारखेपासूनची नव्हेत. तीन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीत विकला म्हणजे सहातली तीन वर्षं माझ्या खिशातूनच कापली.

आता 'ट्रेडवेअर' आकड्याबद्दल, म्हणजे नक्षी किती हळू झिजते ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल. साइडवॉलवर 300, 400, 500 असं लिहिलेलं असतं आणि विक्रेता ते बोट ठेवून दाखवतो, जणू लिहून दिलेली हमीच. ही अमेरिकन पद्धत आहे. प्रमाण टायरला 100 धरायचं, सुमारे 11,500 किलोमीटर ठरलेल्या मार्गावर चालवायचं आणि झिजेची तुलना करायची. अंतिम आकडा कंपनी स्वतःच लावते. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून टिकाऊपणा ठरवता येत नाही आणि 400 म्हणजे चाळीस हजार किलोमीटर तर अजिबात नव्हे. जास्त टिकणारं रबर बऱ्याचदा कडक मिश्रणाचं असतं, म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीत तडजोड. हे कुणी सांगतं? युरोपच्या लेबलवर ओल्या रस्त्याची पकड, इंधन आणि आवाज असतो. 2021 मध्ये ते लेबल नव्याने आलं तेव्हाही टायर किती टिकेल याचा रकाना त्यावर नव्हता. ग्राहक सगळ्यात आधी जे विचारतो, तेच गायब.

"एक साइज मोठा टाका, गाडी दणकट दिसेल" हा सल्ला तर डोक्यात जातो. 175/70 आर13 च्या जागी 185/70 आर13 टाकला की टायरचा व्यास साधारण 14 मिलीमीटरने वाढतो. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर तो मडगार्डच्या आत घासू शकतो, पॉवर स्टिअरिंग नसेल तर हात भरून येतात, आणि गाडी स्पीडोमीटरवर दिसते त्यापेक्षा जास्त वेगाने पळत असते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलेल तो आकडा, विचारल्याशिवाय कुणी काढत नाही. 82 म्हणजे 475 किलो. गाडीला सांगितलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर चालत नाही, विषय संपला.

दोनच टायर घेतले तर ते बेलाशक पुढे बसवतात. टायर कंपन्या सांगतात की नवी जोडी मागे बसवा, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही.

सगळ्यात जास्त राग अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देण्याच्या कामाचा. पडद्यावर हिरवे आकडे दाखवायचे, पैसे घ्यायचे, मोकळे. जुन्या गाडीच्या चाकांच्या जोडणीतले रबरी बुश फाटलेले असतात, बॉल जॉइंट ढिले झालेले असतात, शॉकअॅब्सॉर्बर गळलेले असतात. पहिल्या खड्ड्यात ते हिरवे आकडे हलतात आणि टायरची कड खाल्ली जाते, कोराच्या कोरा टायर काही हजार किलोमीटरांत एका बाजूने गुळगुळीत. मग तोच माणूस म्हणतो, "तुमची गाडीच जुनी आहे." अरे, गाडी लिफ्टवरच होती ना! चाक हातात धरून हलवून बघायला एक मिनिट लागतं. आधी खालचं काम करून घ्या, मग टायर टाका, एवढं वाक्य तेव्हा का निघालं नाही?

बिलावर प्रत्येक टायरचा आठवडा आणि साल लिहून द्या आणि ती बाजू रिमवर चढवायच्या आधी ग्राहकाला दाखवा. डिकीतल्या स्टेपनीचीसुद्धा, कारण ती एकदाही रस्त्याला लागली नसली तरी तिचं वय वाढतंच आहे. ज्याला हे लिहून द्यायला जड जातं, त्याच्याकडून मी टायर घेणार नाही.